पित्त, गॅस आणि काकाजींची वही

तलवाड्याच्या बाजारपेठेत ‘पित्त’ हा शब्द जितका कामी येतो तितका दुसरा कोणताही येत नसेल. छातीत जळजळले तर पित्त झाले, सकाळी डोके ठणकले तर पित्त चढले, अंगावर गांधी उठल्या तर पित्त उठले आणि प्रवासात मळमळले तर पित्त खवळले. पोट फुगले की मात्र शब्द बदलतो. तेव्हा ‘गॅस’ होतो. गेवराई तालुक्यातील हे गाव त्वरितादेवीच्या देवस्थानामुळे दूरवर परिचित आहे. देवदर्शनाला आलेला पाहुणा असो वा बाजाराला आलेला शेतकरी, पोटाची तक्रार त्याने किराणा दुकानाच्या फळीशी उभे राहून सांगावी, दुकानदाराने माळेतून एक पुडी तोडून द्यावी आणि दोन घोट पाण्याबरोबर प्रकरण मिटवावे, अशी येथील रीत आहे. निम्म्या वेळा ती पुरते. उरलेल्या निम्म्या वेळांचा विचार सहसा होत नाही.

वस्तुतः एका शब्दाच्या पोटात येथे चार-पाच निरनिराळे विकार कोंबलेले आहेत. डोके धरते ती बहुधा अर्धशिशी असते. अंगावर उठते ती ॲलर्जी. आणि खरे पित्त तर यकृतात तयार होते, पित्ताशयात साठते आणि जेवणानंतर लहान आतड्यात उतरते. छातीतील जळजळीशी त्याचा संबंध क्वचितच असतो. छाती जाळते ते जठरातील आम्ल. ते खाली राहावे, वर येऊ नये, एवढीच अपेक्षा असते. वर आले की आंबट पाणी तोंडात येते, घसा खवखवतो, उरोस्थीच्या मागे खालून वर चढणारी आग होते, आणि माणूस वाकला किंवा आडवा झाला की ती वाढते. ह्या विकाराला आम्लपित्त म्हणायला हरकत नाही. फक्त छातीच्या प्रत्येक दुखण्याला तेच नाव देऊ नये.

जठर दिवसाकाठी साधारण दीड ते दोन लिटर पाचकरस तयार करते. त्यातील आम्ल इतके तीव्र असते की, जठराला आतून श्लेष्मल पदार्थाचा जाड लेप नसता तर त्याने जठरालाच खाल्ले असते. हा लेप अन्ननलिकेला नाही. सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीची ही नळी छातीतून उतरून श्वासपटलाच्या छिद्रातून जठराला मिळते, आणि त्या संगमावर स्नायूंचे एक वर्तुळ असते. घास आला की ते उघडते, गेला की मिटते. जायकवाडीच्या उजव्या कालव्याच्या टापूतील शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. चारीचे दार सैल पडले की पाणी नको त्या वावरात शिरते, तसेच हे.

दार सैल का पडते, ह्याची कारणे बरीच आहेत. जठर गळ्यापर्यंत भरले की ते वर्तुळ ताणले जाऊन वारंवार उघडते. पोटाचा घेर वाढला की आतला दाब वाढतो. गर्भारपणातही तेच होते. तळलेले पदार्थ जठरात फार वेळ रेंगाळतात. तंबाखू आणि मिसरी त्या स्नायूला थेट ढिले करतात. मिसरी लावणाऱ्या कितीतरी माउलींना आपल्या जळजळीचे मूळ त्या लहानशा डबीत आहे हे कोणी सांगितलेलेच नसते. लुगड्याची किंवा परकराची नाडी करकचून बांधणे हेही एक कारण आहे, आणि ते दवाखान्यात कधी विचारले जात नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पहाटे घाईत ठेचा-भाकर खाऊन लगेच कमरेत वाकून कोयता चालवतात आणि पाठोपाठ मोळी डोक्यावर घेतात. भरल्या पोटी वाकणे आणि वजन उचलणे ह्या दोन्ही गोष्टी आम्ल वर ढकलणाऱ्या आहेत. त्यांना ‘तिखट खाऊ नका’ असे सांगून मोकळे होणे हा सल्ला नव्हे. पण जेवण आणि वाकणे ह्यांच्यात अर्धा-पाऊण तासाचे अंतर ठेवायला सांगितले, तर कधीकधी ते जमते.

काकाजींचे प्रकरण मात्र निराळे होते. वय अडुसष्ट, किराण्याचे दुकान, रक्तदाबाची एक गोळी सुरू, कांदा-लसूण जन्मात खाल्लेला नाही, तंबाखूचे व्यसन नाही, चौविहार पन्नास वर्षांपासून. सारे गाव त्यांना काकाजी म्हणते. रात्री नऊला पाठ टेकली की तासाभरात छातीत आग सुरू व्हायची, उठून बसले की कमी व्हायची. पहाटे घसा बसलेला, तोंडात कडू-आंबट चव, आणि वर कोरडा खोकला. खोकल्याचे औषध दोन महिने घेऊन झाले. खोकला छातीचा नव्हताच. तो घशाशी येणाऱ्या आम्लाचा होता.

गावात उपचार सांगणाऱ्यांची वाण नसते. कोणी खाण्याचा सोडा सांगितला. सोड्याने आम्ल निवते, वायू सुटतो, मोठी ढेकर येते आणि माणसाला वाटते की रोग बाहेर पडला. परंतु सोड्याबरोबर सोडियमही शरीरात जाते, आणि रक्तदाब असलेल्याने ते रोज घेणे म्हणजे एका हाताने फेडून दुसऱ्या हाताने कर्ज काढण्यासारखे आहे. कोणी थंड दूध सांगितले. दुधाने घटकाभर बरे वाटते हे खरे. पण त्यातील प्रथिने आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल सोडायला लावतात, आणि साय असेल तर ते दूध रेंगाळतेही. पुदिन्याच्या वड्या चघळणे तर उलटच, कारण पेपरमिंट त्या स्नायूला आणखी सैल करते. हे सारे उपाय काकाजींनी दिवसा, सूर्यास्ताच्या आत करून पाहिले. रात्रीची आग जशीच्या तशी राहिली.

गेवराईच्या डॉक्टरांनी त्यांना पहिल्याच भेटीत विचारले, “काय खाल्ल्यावर होते?” काकाजी म्हणाले, “साहेब, सगळ्यानेच होते.” डॉक्टर हसले आणि म्हणाले, “दुकानात उधारी अशीच लिहिता का? सगळ्यांचीच सगळी?” हा प्रश्न काकाजींना लागला असावा. घरी येऊन त्यांनी एक कोरी लाल वही काढली, वर श्री लिहिले आणि दिनांक, वेळ, काय घेतले, किती घेतले, जळजळ केव्हा, किती वेळ, असे रकाने आखले. चाळीस दिवस ती वही त्यांनी अशी लिहिली की लेखापरीक्षकाने नुसती पाहून सही करावी.

व्यापाऱ्याच्या वहीत आकडे खोटे बोलत नाहीत. त्यांनी भीतीने बंद केलेली हिरवी मिरची फारशी दोषी निघाली नाही. मिरचीच्या भाजीच्या निम्म्याहून अधिक रात्री शांत गेल्या होत्या. दोष निघाला तो दोन ठिकाणी. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारचे जेवण चुकायचे. मग दुकानातच चहा, शेव, पुन्हा चहा, आणि सूर्य कलताना घरी जाऊन दोन वेळचे जेवण एका बैठकीत. त्या रात्री हमखास वाईट. दुसरी नोंद अधिक विचार करायला लावणारी होती. चौविहार म्हणजे सूर्यास्तानंतर पाणीही नाही. म्हणून जेवण झाल्यावर, सूर्य मावळण्याच्या आत, ते दोन तांबे पाणी एका दमात पिऊन घेत. रात्र निभावावी हा हेतू. तुडुंब भरलेल्या जठरावर आणखी दीड लिटर पाणी, आणि हिवाळ्यात वर गोधडी ओढून लवकर झोप.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण आपल्या घरांतून ह्यावर उगाच वाद होतात. तरुण मंडळी म्हणतात, चौविहारामुळे ॲसिडिटी होते. वडीलधारी म्हणतात, चौविहार करणाऱ्याला पोटाचा रोग होणे शक्यच नाही. दोन्ही पक्ष अर्धे बरोबर आहेत. पोटविकारतज्ज्ञ सांगतात की रात्रीचे जेवण आणि झोप ह्यांत किमान तीन तास असावेत. तलवाड्यात डिसेंबरच्या प्रारंभी सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, जुलैत सात वाजून गेल्यावर. नऊ-दहाला झोपणाऱ्या श्रावकाला हिवाळ्यात हे अंतर आपोआप मिळते, उन्हाळ्या-पावसाळ्यातही बरेचसे मिळते. शहरात रात्री दहाला जेवून अकराला आडवे होणाऱ्याला ते कधीच मिळत नाही. म्हणजे व्रत अनुकूल आहे. प्रतिकूल आहे ती सूर्यास्तापूर्वीची घाई: घड्याळाकडे पाहत गिळलेले घास आणि शेवटच्या पाच मिनिटांचे दोन तांबे. तत्त्वार्थसूत्रात बाह्य तपांच्या गणनेत अनशनाच्या लगेच पुढे अवमौदर्य येते, अर्थात भुकेपेक्षा कमी जेवणे. उपवास गाजावाजाने होतात, पारणी थाटाने होतात. ह्या दुसऱ्या तपाची पत्रिका मात्र कोणी छापत नाही.

काकाजींनी पाण्याची वाटणी बदलली. सकाळपासून दर तासाला अर्धा पेला, दुपारी चारनंतर थोडे अधिक, आणि जेवणानंतर अगदी अर्धा तांब्या. बाजाराच्या दिवशी घरून मुगाची खिचडी बाराच्या ठोक्याला दुकानात येऊ लागली, आणि संध्याकाळचे ताट निम्मे झाले. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा-सात इंच उचलली. उशा वाढवून हे साधत नाही. उशांनी मान वाकते आणि पोट आणखी दुमडते, धड तसेच आडवे राहते. डाव्या कुशीवर झोपण्याचा सल्लाही उपयोगी पडला. त्या कुशीवर जठराचा फुगीर भाग अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहतो, उजव्या कुशीवर उलट होते. जुनी माणसे जेवणानंतर वामकुक्षी म्हणत ती डावीच, हे काकाजींना आठवले.

तरीही त्या वयात नव्याने सुरू झालेली तक्रार म्हणून बीडला दुर्बिणीची तपासणी झालीच. गिळताना घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, डांबरासारखा काळा शौच, रक्ताची उलटी किंवा रक्तक्षय, ह्यांपैकी एकही लक्षण असेल तर वही लिहीत बसू नये, तपासणी लगेच करावी. साठीनंतर ही लक्षणे नसली तरी डॉक्टर ती सुचवतात. काकाजींच्या जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या छिद्रातून किंचित वर सरकलेला निघाला आणि अन्ननलिकेच्या शेवटी लाली होती. गंभीर काही नव्हते.

मग गोळी आली. आम्ल तयार करणारे पेशींतील पंपच बंद करणारी ही औषधे १९८० च्या दशकाच्या अखेरीस आली, आणि आज पँटोप्राझोल, ओमेप्राझोल ही नावे खेड्यातील मुलालाही पाठ आहेत. ती जेवणानंतर घ्यायची नसतात, हे मात्र कोणाला पाठ नसते. अन्न पोटात गेले की हे पंप जागे होतात. गोळी त्याआधी अर्धा तास रक्तात पोहोचलेली हवी. काकाजींची अडचण पुढची होती. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांची नवकारशी, त्याआधी तोंडात काही नाही. डॉक्टरांनी हिशेब मांडून दिला: सूर्योदय साडेसहाला, तर नवकारशी सात अठराला येते, तेव्हा पाण्याबरोबर गोळी, आणि पावणेआठनंतर चहा-नाश्ता. व्रतालाही धक्का नाही, औषधालाही नाही. आठ आठवड्यांनी ती गोळी कमी करत बंद केली.

बंद केली हे महत्त्वाचे. कितीतरी घरांतून ही गोळी वर्षानुवर्षे, कोणी न सांगता, मिठासारखी चालू असते. दीर्घकाळ आम्ल दबलेले राहिले तर अन्नातील बी-१२ नीट सुटत नाही आणि मॅग्नेशियमही घटू शकते. शाकाहारी घरांत बी-१२ चा साठा आधीच तुटपुंजा, मिळण्याची वाट दूध-दह्याची. त्यात ही भर पडली की पायांना मुंग्या आणि थकवा. ज्यांना गोळी खरोखरच कायम लागते त्यांनी घ्यावीच, पण वर्षाकाठी ती तपासणी करून. ज्या रॅनिटिडीनवर दोन पिढ्या निभावल्या, ते २०२२ मध्ये आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळले गेले. जुन्या चिठ्ठीवर आयुष्यभर औषध आणत राहू नये ते ह्याचसाठी.

ह्या विकाराचा इतिहास मोठा मौजेचा आहे. चरकसंहितेत आम्लपित्ताला स्वतंत्र अध्याय नाही. काश्यपसंहितेत तो आहे, आणि माधवनिदानात त्याचे ऊर्ध्वग आणि अधोग असे दोन प्रकार केलेले आहेत. ऊर्ध्वग, म्हणजे वर चढणारे. काकाजींच्या पहाटेच्या घशाचे वर्णन शतकांपूर्वी झालेले होते. दुसरीकडे जठरातील व्रण चिंतेने आणि तिखटाने होतात असे साऱ्या जगाचे मत असताना ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल ह्यांनी १९८४ मध्ये त्या जिवाणूंचे द्रावण स्वतःच पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. रॉबिन वॉरन ह्यांच्यासह त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. व्रणाचा रोग आणि वर चढणारे आम्ल हे दोन वेगळे. पहिल्यात अनेकदा प्रतिजैविके लागतात, दुसऱ्यात ती निरुपयोगी. गुडघ्यांसाठी औषध दुकानातून परस्पर वेदनाशामक घेणाऱ्यांना व्रण होतो तो आणखी तिसऱ्या वाटेने.

उपवासांविषयीही थोडे. पर्युषणातील अठ्ठाई किंवा वर्षभराचा वर्षीतप करणाऱ्यांपैकी काहींना पहिल्या दोन दिवसांत जळजळ होते, पुढे शमते. त्रास खरा होतो तो पारण्याला. आठ दिवस विश्रांती घेतलेल्या पोटात शिरा, तूप, सुंठीची राब आणि नातलगांचा आग्रह एकदम उतरतो. मुगाचे पाणी, मग मऊ भात, आणि जडान्न दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, हा क्रम जुन्या घरांत होता. तो पाळणाऱ्या सासवा आता कमी उरल्या.

चैत्र संपत आला होता तेव्हाची गोष्ट. काकीजी, वय बासष्ट, मधुमेह दहा वर्षांचा, उडदाचे पापड वाळत घालायला गच्चीवर गेल्या आणि परतून ओसरीवर बसल्या. पोटाच्या वरच्या खळग्यात जड वाटत होते, जबडा अवघडला होता. घटकाभर बसल्यावर थांबले. सुनेने म्हटले, “सासूबाई, उन्हाचं पित्त झालं असेल.” दुसऱ्या दिवशी पुन्हा पापड, पुन्हा जिना, पुन्हा तेच. आम्लनाशक गोळी चघळली आणि बरेही वाटले. ह्या ‘बरे वाटले’ने फार माणसे घात केलेली आहेत, कारण गोळी चघळायला माणूस बसतो, आणि बसण्यानेच हृदयाचे दुखणे थांबते.

तिसऱ्या दिवशी रात्री साडेआठला, काही न करता, तेच दुखणे आले आणि थांबेना. कपाळाला घाम फुटला. काकीजी म्हणाल्या, “अहो, चौविहार घेतलाय. सकाळी बघू.”

काकाजी पलंगाशेजारी बसले. त्यांच्या मनात बहुधा वहीचेच रकाने उभे राहिले असावेत, कारण त्यांनी विचारले ते असे: “जेवणावर आलं का?” नाही. “वाकल्यावर वाढलं?” नाही. “जळजळतंय का दाबल्यासारखं?” दाबल्यासारखं. “आणि काल-परवा केव्हा?” जिना चढल्यावर. काकाजी उठले. “अगं, हे माझ्या वहीतलं नाही,” म्हणाले, आणि मुलाला १०८ लावायला सांगितले.

हृदय आणि अन्ननलिका छातीत एकमेकांना चिकटून आहेत. दोघांच्या वेदना वाहून नेणाऱ्या मज्जा पाठीच्या कण्याच्या जवळजवळ त्याच मणक्यांत शिरतात. मेंदूला तक्रार मिळते, पण ती कोणाची हे उमगत नाही. विल्यम हेबर्डन ह्या इंग्रज वैद्याने १७६८ मध्ये हृदयशूळाचे पहिले सुस्पष्ट वर्णन केले तेव्हाच नोंदवले होते की तो चालताना, विशेषतः चढावर आणि जेवल्यावर लगेच येतो, आणि उभे राहिले की जातो. जेवल्यावरही येतो, हे विसरू नये. ढोबळ फरक असा: आम्लाची आग खालून वर चढते, आडवे होण्याने वाढते, तोंडात आंबट येते. हृदयाचे दुखणे दाबल्यासारखे, आवळल्यासारखे असते, श्रमाने येते, डावा हात, खांदा, जबडा, पाठ ह्यांत पसरते, घाम, धाप आणि भीती बरोबर आणते. परंतु हा फरक स्त्रियांत, वृद्धांत आणि मधुमेहींत पुसट होतो. मधुमेहाने मज्जा बोथटतात. कधी छाती दुखतच नाही, नुसती मळमळ, थकवा किंवा पोटाच्या वरच्या भागातील जडपणा. म्हणून चाळिशी उलटलेल्या माणसाला छातीत वा पोटाच्या वरच्या भागात नवे, पंधरा-वीस मिनिटे न थांबणारे दुखणे आले, तर ते हृदयाचे नाही असे ठरवण्याचा अधिकार घरातील कोणाचाही नाही. तपासणी होऊन ते आम्लपित्त निघाले तर बरेच झाले. विम्याचा हप्ता वाया गेला म्हणून कोणी रडत बसत नाही.

महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ च्या गाड्यांत डॉक्टर असतो, हे अनेकांना ठाऊक नसते. त्या डॉक्टरने काकीजींना ॲस्पिरिनची गोळी चघळायला दिली. त्यांनी ओठ मिटून घेतले. व्रत मोडायचे नव्हते. काकाजींनी हात जोडले नाहीत, रागावलेही नाहीत. पच्चक्खाणाच्या सूत्रातच आगार ठेवलेले आहेत, असह्य व्याधीत चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषध घेतले तर व्रतभंग होत नाही, एवढे त्यांनी शांतपणे सांगितले; हे त्यांनी पूर्वी चातुर्मासात महाराजसाहेबांच्याच तोंडून ऐकले होते. काकीजींनी डोळे मिटून नवकार म्हटला आणि गोळी चघळली.

गेवराईला काढलेला पहिला हृदयालेख निर्दोष आला. मुलगा म्हणाला, “चला, पित्तच होतं.” पण त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या तरुण डॉक्टरांनी सोडले नाही. पहिला आलेख चांगला येऊनही झटका सुरू असू शकतो. म्हणून थोड्या-थोड्या वेळाने तो पुन्हा काढतात आणि रक्तातील ट्रोपोनिन पाहतात. अर्ध्या तासाने काढलेल्या आलेखात फरक दिसला, ट्रोपोनिनही वाढलेले निघाले. पहाटेपर्यंत त्या छत्रपती संभाजीनगरला होत्या. एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली निघाली आणि तीत जाळी बसवली गेली. हृदयाच्या स्नायूची फारशी हानी झाली नव्हती.

आता घरात औषधांचे दोन डबे आहेत. काकीजींना रक्त पातळ ठेवणारी दोन औषधे चालू आहेत. त्यांनी जठराला इजा होऊ नये म्हणून आम्लाची गोळीही दिलेली आहे. म्हणजे जी गोळी काकाजींनी महत्प्रयासाने सोडली ती आता काकीजींना घ्यावी लागते, आणि ती डॉक्टरांना न विचारता सोडायची नाही. पहिल्या महिन्यात त्यांची गोळी संपली तेव्हा सुनेने काकाजींच्या डब्यातील उरलेली एक पट्टी काढून दिली. काकाजींनी ती वाचून परत घेतली. त्यांची पट्टी ओमेप्राझोलची होती, काकीजींची पँटोप्राझोलची. आणि रक्त पातळ करणाऱ्या क्लोपिडोग्रेलचा परिणाम ओमेप्राझोलने कमी होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम ती टाळली होती. दुसऱ्याच दिवशी डब्यांवर मोठ्या अक्षरांत नावे लिहिली गेली, आणि ओमेप्राझोलची ती पट्टी घरातून बाहेर गेली.

पापड ह्या वर्षी सुनेने वाळवले. काकीजी जिन्याच्या पहिल्या पायरीशी खुर्ची टाकून बसतात आणि वरच्या पापडांना कावळे लागत नाहीत ना, हे खालून विचारत राहतात.